जाळीमागचा घरगुती कॅमेरा: पेड्याच्या टर्फवरची हॉकी, आणि थोडी बर्फावरचीही

मागचा_बोर्ड | सोम, रात्री ९:४०

मंडळी, म्हापशाला पेड्याच्या टर्फवर रविवारी सकाळी आमची हौशी हॉकी चालते. शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे एकाच ढिगात. मोबाइल धरून बाजूला उभं राहणारा कोणी ना कोणी असतोच, पण त्या शूटिंगमध्ये डी-मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, काय झालं ते कधीच दिसत नाही. दहा जणांच्या पाठी दिसतात, आरडाओरडा ऐकू येतो आणि मग सगळे मिठ्या मारताना दिसतात. गोल कुठून गेला, देव जाणे.

कॅनडा-अमेरिकेतली हौशी मंडळी आइस हॉकीच्या गोलवरच घरी बनवलेला कॅमेरा चढवतात, त्यांचे व्हिडिओ बघून हे खूळ डोक्यात शिरलं. आपल्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, त्यांच्या पकचं (बर्फावर सरकणाऱ्या रबरी चकतीचं) १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे मार जवळपास तेवढाच, त्यामुळे पेटी त्यांच्याइतकीच भक्कम लागणार हा हिशेब पहिल्याच दिवशी कळला. चेंडू ताशी १०० किलोमीटरने आला तर साधारण ६० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. पाच किलोचं वजन सव्वा मीटरवरून टाकल्यावर जेवढा दणका बसेल तेवढा. आमच्या रविवारच्या खेळात एवढा वेग दोघातिघांचाच, पण ते दोघंतिघं नेमके गोलवरच मारतात ना!

सध्याची रचना सांगतो. जुना अॅक्शन कॅमेरा, त्यावर वेल्डरकडून वाकवून घेतलेली तीन मिलिमीटर पत्र्याची पेटी, पुढे पाच मिलिमीटरचा पॉलीकार्बोनेटचा (भक्कम पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा, मागे स्पंज. आइस हॉकीवाले पेटी बसवायला गोलाकार यू-बोल्ट वापरतात, कारण त्यांचा खांब गोल पाइपचा असतो, बाहेरचा व्यास २ पूर्णांक ३/८ इंच. आपल्या हॉकीचे खांब चौकोनी. समोरून ५० मिलिमीटर, खोली ५० ते ७५. त्यावर तो यू-बोल्ट फक्त दोन कोपऱ्यांना टेकतो आणि गरागरा फिरतो. म्हणून पुढच्या खांबांचा नाद सोडला. मागे जाळी ताणून धरणारा जो आडवा पाइप असतो त्यावर, जाळीच्या बाहेरून, वरच्या कोपऱ्यात पेटी बसवतो.

चित्र बरं येतं, पण जाळीच्या दोऱ्या मधे येतात. संध्याकाळी दिवे लागले की चित्रात काळे पट्टे सरकतात. आणि खरं विचारायचंय ते हे, की गोलला काहीही बांधणं मुळात बरोबर आहे का? जाणकारांनी बोलावं.

---

पॅडवाली | सोम, रात्री १०:०५

शेवटच्या प्रश्नावर अंपायर लोक बोलतीलच. मी गोली आहे, मला हे शूटिंग हवंय म्हणजे हवंय. गॅलरीतून घेतलेल्या चित्रात माझा डावा तो समोरच्याचा उजवा, प्रत्येक वेळी डोक्यात उलटं करून बघावं लागतं. मागून घेतलेल्या चित्रात माझा डावा हात डावीकडेच दिसतो. आणि मुख्य म्हणजे माझ्या दोन्ही बाजूंना किती जागा उघडी राहिलीय ते सरळ दिसतं. मैदानावर उभं राहून ते कळत नाही, कारण आपल्याला आपली पाठ दिसत नाही.

तुमच्या मागच्या रविवारच्या व्हिडिओत एक जागा आहे, पाठवते तुम्हाला. चेंडू उजवीकडून डी-मध्ये येतो, मी खांब सोडून पुढे येते, दोन पावलं. दुसरं पाऊल पडायच्या आत फटका बसलेला आहे. समोरून बघणारा म्हणेल, "गोली हलली नाही." मागून दिसतं की हलत होते, एक पाय हवेत होता. उभी असते तर पॅड लागलं असतं. आमच्या प्रशिक्षकांनी हे शंभरदा तोंडाने सांगितलंय, पण बघितल्यावर जे कळतं ते वेगळंच.

---

रुईचं_झाड | सोम, रात्री १०:२२

वा! वाचनखूण साठवली. हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, पण वेल्डर, स्पंज, पॉलीकार्बोनेट वाचून मजा आली. ड्रोन का नाही वापरत?

---

मागचा_बोर्ड | सोम, रात्री १०:३०

ड्रोन वरून डोकी दाखवतो, शिवाय माणसांच्या डोक्यावर उडवायचा म्हणजे नियमांचं लचांड. सरकारच्या डिजिटल स्कायचा ड्रोन-नकाशा उघडून बघा, गोव्यात विमानतळ दोन आणि नौदलही आहे. आणि रविवारी सकाळी त्याची ती घरघर कोणाला हवी?

---

तारजोड | सोम, रात्री ११:१५

फोंड्याहून. पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तुमचा शटर १/१००० सेकंदाला असेल तर प्रत्येक फ्रेमला दिव्याचा वेगळा तुकडा मिळतो, म्हणून पट्टे. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत हे जास्त, चांगल्या एलईडीत कमी. उपाय असा की कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर, म्हणजे पाल (PAL) वर ठेवा, फ्रेम २५, ५० किंवा १००, आणि शटर १/५० किंवा १/१००. कॅनडावाल्यांची सेटिंग उचलू नका, त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्झ. त्यांचं ६० फ्रेमचं गणित त्यांच्या दिव्यांशी जुळतं, आपल्या दिव्यांशी नाही.

पण फुकट काही मिळत नाही. १/१०० शटरला ताशी १०० किलोमीटरचा चेंडू एका फ्रेममध्ये २८ सेंटिमीटर सरकतो. चेंडू स्वतः सव्वासात सेंटिमीटरचा. म्हणजे रात्री तुम्हाला चेंडू दिसणार नाही, पांढरा फराटा दिसेल. दिवसा १/१००० ला तोच जेमतेम तीन सेंटिमीटर ओढला जातो, तेव्हा दिवसा खुशाल शटर चढवा.

मी स्वतः रास्पबेरी पाय झीरो २ या चिमुकल्या कॉम्प्युटरवर एक बनवला होता. त्यात कॅमेरा सतत चालू, पण साठवतो फक्त शेवटची वीस सेकंदं. गोल झाला की बाकावरच्याने बटण दाबायचं, मागची वीस सेकंदं कार्डावर उतरतात. कल्पना झकास, तास-दीड तासाच्या फाइली चाळाव्या लागत नाहीत. गाडी अडते ती फ्रेमवर. त्याचा एच.२६४ एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) १०८० रिझोल्यूशनला सेकंदाला ३० फ्रेमच देतो. ३० फ्रेमला तोच चेंडू दोन फ्रेमच्या मधे ९३ सेंटिमीटर जातो. तुमच्या गोलची खोली खाली १.२ मीटर. म्हणजे एका फ्रेममध्ये चेंडू रेषेच्या पुढे, दुसऱ्या फ्रेममध्ये गोलमागच्या लाकडी बोर्डापाशी, मधलं सगळं गुलदस्त्यात. जुना अॅक्शन कॅमेरा १२० फ्रेम देत असेल तर तोच ठेवा, माझ्या पायपेक्षा तो शंभर पटीने बरा.

---

मिसिसागाकर | मंगळ, पहाटे ४:५०

नमस्कार, मूळचा डिचोलीचा, आता कॅनडात. इथे हौशी लीगमध्ये खेळतो. रात्री पावणेअकराला बर्फ मिळतो, सकाळी ऑफिस. अशा लीगला इथे बिअर लीग म्हणतात, का ते सांगायला नको.

धागाकर्त्याने आमच्या गोष्टी बरोबर टिपल्या आहेत, तरी बर्फावर एक गोष्ट अगदी निराळी आहे. आमचा गोल जमिनीत रोवलेला नसतो. खाली लवचीक खुंट्या असतात, कोणी जोरात आदळला की गोल सुटून मागे सरकतो. खेळाडू वाचावा म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. गोली स्वतः घसरत जाळीत शिरतो, बचावपटू त्याच्या अंगावर. त्यामुळे जाळीच्या आत काहीही टणक बसवायचं नाही, हा आमच्या रिंकवाल्याचा पहिला आणि शेवटचा नियम. मी मागच्या वरच्या पाइपवर, जाळीच्या बाहेरून लावतो, वरून पाइप इन्सुलेशनचा फोम. गोल ६ बाय ४ फुटांचा, लहान. त्यामुळे १२० अंशांची लेन्स सगळं पकडते.

तुम्हाला नसलेली आमची डोकेदुखी म्हणजे गोलीची पाण्याची बाटली. ती नेमकी गोलच्या वर, जाळीवर ठेवलेली असते. अर्धा सामना माझ्या चित्रात बाटलीचं बूड. सांगून सांगून थकलो. दुसरी डोकेदुखी झांबोनी. बर्फ गुळगुळीत करायला यंत्र आलं की गोल उचलून बाजूला, परत आणून ठेवायचे, आणि खेळायची वेळ मोजून मिळालेली. नट-बोल्ट फिरवत बसायला वेळ नाही, म्हणून एका पिनेने निघेल असा क्लॅम्प करून घेतलाय. तुम्हीही तसाच करा.

आणि बर्फ पांढरा असल्यामुळे कॅमेरा फसतो. सगळं उजळ आहे समजून चित्र अंधारं करतो, बर्फ राखाडी आणि माणसं काळी. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, अर्धा ते एक स्टॉप वर चढवावा लागतो.

---

शिट्टीवाले_काका | मंगळ, सकाळी ७:३०

अंपायर म्हणून केस पांढरे झाले, बोललंच पाहिजे.

खांब आणि आडवी दांडी यांना काहीही बांधू नका. सराव असो वा सामना. मागच्या आधाराच्या पाइपवर, जाळीबाहेर, गोलच्या रुंदीच्या आत असेल तर सरावात माझी हरकत नाही. स्पर्धेत मात्र आयोजकांना आणि मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लेखी विचारा. मागच्या लाकडी बोर्डाला भोक पाडायचा विचारही मनात आणू नका. एकाने पाडलं होतं. सरकारी मालमत्ता आहे ती, आणि त्या भोकात चेंडू आपटून कसाही उडतो.

आता मुख्य मुद्दा. या कॅमेऱ्यावर निर्णय द्यायला मला कोणी सांगू नये. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला तर गोल. ते ठरवायचं तर डोळा रेषेच्या नेमका वर किंवा नेमका रेषेत हवा. तुमचा कॅमेरा दीड-दोन मीटर उंचावर, मागून तिरका बघतो. हवेतला चेंडू रेषेच्या अलीकडे असला तरी त्या चित्रात खालच्या रेषेशी जुळवून बघाल तर भलतीकडेच दिसतो. मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ अंपायर असतो, त्याच्याकडे अनेक कोनांतून चित्र येतं. तुमच्या पेटीतून एकच कोन, तोही वाकडा.

गंमत म्हणजे अंपायरला जे लागतं ते बऱ्याचदा कानाला मिळतं. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका हिट (काठी फिरवून मारलेला) असेल तर चेंडूने रेषा ४६० मिलिमीटरच्या वर ओलांडता कामा नये. मागचा बोर्ड नेमका तेवढाच उंच. बोर्डाचा "धाड" आवाज आला की अर्धी शंका मिटली. ड्रॅग फ्लिकला (काठीने ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूला) ही अट नाही, तो वर गेला तरी चालतो, म्हणून तिथे जाळी हलते आणि आवाज येत नाही.

अवांतर: १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० ने हरवणाऱ्या संघात गोली लिओ पिंटो होते, मूळचे गोव्याचेच. त्या काळी जाळीमागे कॅमेरा असता तर आज आमच्या पोरांना दाखवायला केवढं काय हाती असतं!

---

मागचा_बोर्ड | मंगळ, दुपारी १:१०

काका, शंभर टक्के मान्य. खरं सांगतो, हा प्रसंग होऊन गेलाय. एका मैत्रीपूर्ण सामन्यात वादग्रस्त गोल झाला आणि दोन्ही संघ मोबाइल घेऊन माझ्याकडे धावले, कॅमेऱ्याचं वाय-फाय जोडा म्हणून. त्या दिवसापासून वाय-फाय बंदच ठेवतो. सोमवारी रात्री फाइल गटावर पडते, त्याआधी कोणालाच नाही, मलाही नाही. सोमवारपर्यंत डोकी थंड झालेली असतात.

बोर्डाच्या आवाजावरून माझी एक युक्ती सांगतो. तासाभराच्या फाइलीतून गोल शोधायचा कंटाळा येतो ना? एडिटिंगमध्ये आवाजाची पट्टी मोठी करा. बोर्डावर चेंडू आदळला की तिथे सुळका दिसतो, बाकी सगळ्यापेक्षा उंच. सुळक्यावरून सुळक्यावर उडी मारत गेलं की दहा मिनिटांत सामना संपतो. ड्रॅग फ्लिकने वर गेलेले गोल निसटतात, ते नजरेने शोधावे लागतात. पेटीच्या स्पंजात माइकपाशी पेन्सिलच्या जाडीचं भोक ठेवलंय, नाहीतर सगळंच दबून येतं.

मिसिसागाकर, पिनेचा क्लॅम्प हा शब्द ऐकूनच वेल्डरकडे गेलो.

---

मांडवीकाठ | मंगळ, दुपारी ३:४५

मला तांत्रिक काही कळत नाही. माझा मुलगा खेळतो, गोली आहे, वय तेरा. कुठलं मैदान आणि कोणाची स्पर्धा ते लिहीत नाही. तिथे एका पालकाने गोलच्या बाजूने शूट केलं, त्यात माझ्या मुलाच्या पायांतून चेंडू गेलेला. कोणीतरी त्याला गाणं लावून व्हॉट्सअॅपवर फिरवलं. चार दिवसांत त्याच्या वर्गात पोचलं. तो सरावाला जाईना. महिनाभर पॅड्स बाल्कनीत पडून होते.

तुम्ही करताय ते चांगल्या हेतूने करताय, दिसतंच आहे. पण गोल हा गोलीच्या चुकीचाच व्हिडिओ असतो. दर वेळी. मारणाऱ्याचं कौतुक होतं, गोलीचं हसं. लहान मुलांचं हे कुठे जाणार, कोण बघणार, ते आधी ठरवा.

---

पॅडवाली | मंगळ, दुपारी ४:००

ताई, पटलं. त्याला सांगा, पायांतून गोल न खाल्लेला गोली अजून जन्माला यायचाय. आणि खरंच सांगा, मी बोलू का त्याच्याशी?

---

मांडवीकाठ | मंगळ, दुपारी ४:२०

बोल गं. व्यनि करते. आता परत जातो सरावाला, पण कॅमेरा दिसला की कावराबावरा होतो.

---

मागचा_बोर्ड | मंगळ, रात्री ८:५५

मांडवीकाठ, आमच्याकडे असं ठरवतो, आत्ताच गटावर टाकलं. अठराच्या आतली मुलं खेळत असतील त्या दिवशी पालकांचा होकार असल्याशिवाय पेटी चढणार नाही. फाइल यूट्यूबवर जाणार नाही, फक्त प्रशिक्षकांकडे. आणि कापून फिरवायचं झालं तर वाचवलेले गोल कापायचे, खाल्लेले नाहीत. हे शेवटचं पॅडवालीने सुचवलं.

एकाने गटावर विचारलंच, "वाचवलेले गोल कोण बघणार?" त्याला म्हटलं, तू नको बघू.

---

लेह_मुक्काम | मंगळ, रात्री ९:३०

नोकरीनिमित्त लेहला असतो, घर पर्वरीला. इथे हिवाळ्यात नैसर्गिक बर्फावर आइस हॉकी बघायला मिळते, पोरं-पोरी सगळी. २०२५ च्या आशिया चषकात आपल्या महिला संघाने कांस्यपदक आणलं, त्या संघात लडाखच्या मुलींचा भरणा. इथे उघड्यावर थंडी अशी की कॅमेऱ्याची बॅटरी बघता बघता बसते. जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवायच्या. गोव्यात हा प्रश्न नाही, तुमचं उलटं असणार.

---

मिसिसागाकर | बुध, पहाटे ५:१५

बरोबर. शिवाय थंड रिंकमधून कॅमेरा गरम चेंजिंग रूममध्ये नेला की घाम फुटतो त्याला. आत न्यायच्या आधी झिपवाल्या पिशवीत बंद करायचा, पिशवीवर दव धरतं, कॅमेऱ्यावर नाही. तासाभराने उघडायची.

---

तारजोड | बुध, सकाळी ९:४०

गोव्यात हेच उलट्या दिशेने होतं. रात्रभर कॅमेरा एसी खोलीत, मग एसी गाडी, आणि पेड्याला उतरलात की बाहेरची हवा म्हणजे ओलं फडकं. थंड काचेवर धुकं. यातली मेख अशी की पेटी कुठे बंद केली त्यावर सगळं ठरतं. एसी खोलीत बंद केली तर आत कोरडी हवा राहते, धुकं फक्त बाहेरून धरतं, फडक्याने पुसलं की गेलं. मैदानावर उघडून बंद केली तर ओलावा आत कोंडला. मग टर्फवर पाणी मारताना फवारा काचेवर आला, काच गार झाली, की आतून धुकं, आणि ते पुसता येत नाही.

तेव्हा पेटी घरीच बंद करा, आत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी घ्या, रंग उतरला की मंद आचेवर तापवून परत वापरता येते. स्क्रू एसएस ३०४ चे (स्टेनलेस स्टीलचे) घ्या. समुद्राच्या वाऱ्याला साधे गंजतात, एका पावसाळ्यात डोकी झिजून जातात आणि मग ड्रिलनेच काढावे लागतात.

आणि मे महिन्यात उलट प्रश्न उष्णतेचा. पत्र्याची पेटी उन्हात तापली की कॅमेरा आपोआप बंद. पांढरा रंग द्या. फोर-के चा सोस सोडा, १०८० ला कमी तापतो.

---

मागचा_बोर्ड | बुध, दुपारी २:००

फोर-के बद्दल थोडी हुज्जत घालतो. डी-ची कड गोलपासून १४.६३ मीटर. १२० अंशांच्या लेन्सने १०८० ला घेतलं तर तिथला चेंडू पडद्यावर साडेचार पिक्सेलचा. ठिपकाच तो. फोर-के ला नऊ पिक्सेल, निदान चेंडू म्हणता येईल. पण तुमचं बरोबर आहे, मला डी-च्या कडेला चेंडू बघायचाच नाहीये, मला बघायचेत गोलीचे पाय, तीन-चार मीटरवरचे. त्याला १०८० पुरतं. ५० फ्रेमला माझ्या कॅमेऱ्यात तासाला साधारण २२ जीबी होतं, ६४ चं कार्ड आरामात.

जाळीच्या दोऱ्यांवर कोणीच बोललं नाही अजून.

---

मिसिसागाकर | बुध, संध्याकाळी ६:१०

लेन्स जाळीला जितकी चिकटून, तितकी दोरी धूसर होऊन नाहीशी होते. एक सेंटिमीटरवर असेल आणि एका चौकटीच्या मधोमध असेल तर दोरी दिसतच नाही. फूटभर मागे गेलात की जाळी ठळक. पण चिकटवलंत तर चेंडू जाळीसकट कॅमेऱ्यावर.

---

मागचा_बोर्ड | बुध, संध्याकाळी ६:३०

आपल्या जाळीची चौकट जास्तीत जास्त ४५ मिलिमीटर, चेंडू आरपार जात नाही, पण जाळी सैल सोडलेली असते आणि चेंडू लागला की चांगलीच मागे फुगते. मधोमध चिकटवण्यात अर्थ नाही. वरच्या कोपऱ्यात, जिथे जाळी पाइपाला बांधलेली असते, तिथे ती हलत नाही. तिथेच लेन्स चौकटीत बसवून बघतो. पेटीचा तोंडाकडचा भाग निमुळता करावा लागेल. वेल्डर आता माझं तोंड बघून हसतो.

---

कुडचडे_एक्स्प्रेस | बुध, रात्री ९:०५

पात्रांव, आमचं काय? आम्ही फुटबॉलवाले. कापणी झाल्यावर शेतात गोल उभे करतो, बांबूचे किंवा पाइपाचे, मागे पाइपबिइप काही नाही, जाळी मागे दोन काठ्यांना बांधलेली. गोल २४ फूट रुंद. तिथे तुमची ही पेटी कुठे टांगू?

---

शिट्टीवाले_काका | बुध, रात्री ९:२०

काठ्यांना टांगू नका, पहिल्याच जोरकस फटक्याला काठी, जाळी, पेटी सगळं एकत्र खाली.

---

मागचा_बोर्ड | बुध, रात्री ९:५०

एक्स्प्रेस, तुमच्यासाठी दुसरी रचना आहे. स्पर्धेसाठी मी तीच वापरतो, कारण गोलला काही बांधायलाच लागत नाही. स्कूटरचा जुना टायर घ्या, तळाला पत्रा ठेवून काँक्रीट ओता, मधे दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा करा. बॅडमिंटनच्या जाळीला करतात तसा. दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, म्हणजे आइस हॉकीच्या खांबाएवढाच. चौकोनी खांबावर न बसणारा तो यू-बोल्ट इथे चपखल बसतो. टायर जाळीच्या मागे, गोलच्या रुंदीच्या आत ठेवायचा, म्हणजे धावणाऱ्याच्या पायात येत नाही, आणि आलाच तर कड रबराची.

तुमचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा पण मऊ, पॉलीकार्बोनेट तीन मिलिमीटरचं चालेल. अॅक्रिलिक मात्र घेऊ नका, दिसायला सारखंच, दुकानदार तेच देऊ करतो, पण त्याला तडा जातो. तुकडा वाकवून बघा, पॉलीकार्बोनेट वाकतं. २४ फुटांच्या गोलला एका बाजूचा खांब चित्रातून सुटेल. गोली ज्या बाजूला कच्चा आहे ती बाजू धरा.

---

कुडचडे_एक्स्प्रेस | बुध, रात्री १०:००

आमचा गोली दोन्ही बाजूंना कच्चा. दोन टायर लागतील.

---

पॅडवाली | बुध, रात्री १०:०४

😄 त्यालाही आणा हो पेड्याला एकदा.

---

मांडवीकाठ | गुरु, सकाळी ८:१५

मुलगा विचारतोय, रविवारी आला तर पेटी बंद असेल का?

---

मागचा_बोर्ड | गुरु, सकाळी ८:४०

त्याच्या बाजूच्या गोलवर लावणारच नाही. दुसऱ्या गोलवर लावतो, तिथे पॅडवाली असेल. त्याला हवं तर फाइल बघायला बसू दे आमच्याबरोबर, आवाजाच्या सुळक्यांवरून गोल शोधायला माणूस हवाच आहे. एक्स्प्रेस, शनिवारी चारनंतर या. टायर तुमचे तुम्ही आणा, वेल्डरकडे पाइपाचे दोन तुकडे बाजूला ठेवायला सांगितलेत. यू-बोल्ट शुक्रवारच्या बाजारातही मिळतात, पण आटे तपासून घ्या.